पावसाळ्यात बोट यार्डात वर काढली, पैसे वसूल झाले का?

आमची बोट 22 फुटी, फायबरची, मागे 40 एचपीचं यामाहा इंजिन, दाभोळ खाडीत असते. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की 31 जुलैपर्यंत तिचं करायचं काय हा दरवर्षीचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात पैसे वाचवायला खाडीतच नांगरून ठेवली, यंदा पहिल्यांदा जवळच्या यार्डात वर काढली.

पाण्यात ठेवलं तर भाडं नाही पण झोपही नाही. रत्नागिरीकडचा पाऊस, उघडी बोट एका रात्रीत घोटाभर भरते, रोज कुणीतरी जाऊन उपसायचं, पंप होता पण ढगाळ हवेत सोलरवर बॅटरी चार्जच होईना. त्यात खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीला पाणी वाढलं की ओंडके वाहत येतात. एका सकाळी बघतो तर दोर काठावर घासून अर्धा तुटलेला, पोटात गोळाच आला.

यार्डवाल्यांनी उधाणाच्या भरतीला ट्रॉली पाण्यात घातली आणि ट्रॅक्टरने बोट वर घेतली, पाऊण तासात काम. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भरतीला एवढं पाणी चढत नाही, म्हणून अमावस्या-पौर्णिमा बघून आधीच नंबर लावा. सगळ्यात आवडलं ते हे की तळ ओला असतानाच प्रेशरने धुतला, कारण बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचवाले जीव) वाळले की सिमेंटसारखे बसतात आणि खरवडताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, जातो. धुतल्यावर तळाला चार फोड दिसले, एक टोचला तर व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरलंय. पाण्यातच राहिली असती तर कळलंच नसतं. मिस्त्री म्हणाले, "दादा, पावसात हे वाळणार नाय, डिसेंबरात उघडू." तेव्हाच पॅच मारून बिल फुगवता आलं असतं, त्यांनी तसं केलं नाही याचं मला फार कौतुक वाटलं.

आता तक्रार. बोट नुसत्या दोन टेकूंवर ठेवली होती, दहा दिवसांनी गेलो तर टेकूपाशी तळ किंचित आत दाबलेला. वजन मधल्या कण्यावर हवं, बाजूचे टेकू फक्त तोल धरायला. सांगितल्यावर लगेच खाली ठोकळे सरकवले, पण आपण गेलो नसतो तर? ताडपत्रीही सपाट बांधलेली, मध्ये पाण्याचं तळं. मी बांबूचा आढा घालून उतार काढला, मागचं बूच उघडं ठेवलं आणि पुढची बाजू जरा उचलून घेतली, मग आत थेंब राहिला नाही. इंजिन गोड्या पाण्याने फ्लश करायला नळ नाही, ड्रम घरून न्यावा लागला. उंदरांनी वायर कुरतडली ती वेगळीच.

लाकडी होडीवाल्यांनी माझं बघून ठरवू नका. लाकूड उन्हात वाळलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि आत पावसाचं गोडं पाणी साचलं तर कुजतात. आपले कोळी बांधव होडी वर घेतल्यावर नीट शाकारतात ते उगाच नाही.

दोन महिन्यांचे धुण्यासकट 12 हजार घेतले. पाचपैकी चार स्टार. पुढच्या वर्षीही इथेच काढणार, फक्त टेकू लावताना स्वतः उभा राहणार आणि नळाचं आत्तापासूनच त्यांच्या मागे लागलोय.