मोठ्या अक्षरांचं बायबल: चेन सोडली तर घेण्यासारखं

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आईचं बायबल बारीक टाइपाचं, आणि माझ्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. मोतीबिंदूच्या तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा हे घेतलं, ६५० रुपयांना. अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढं नाही, पण तिळाएवढं आहे. रात्री लाइट गेली तरी चार्जिंगच्या बॅटरीवर वाचता येतं. वजन भरपूर, मांडीवर जमत नाही. मी पाटावर ठेवून वाचतो. कागद पातळ, मागच्या पानाची छपाई पुढे दिसते. शेवटचे रंगीत नकाशे छान आहेत.

भाषा मात्र जड. पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बायांना समजावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर २ वर्षांनी, १९२४ साली छापून निघालं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चालतं ते हे दुसरं भाषांतर, जुन्या वळणाचं. कलस्सैकरांस पत्रात, अध्याय २, वचन १४ ला, ‘ऋणलेख’ आला तशी बायको म्हणाली, “हे काय असते जी?” मी म्हटलं, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो ना, तो खोडला. तिला लगेच समजलं.

आता आईच्या बायबलाबद्दल सांगतो, नाहीतर नव्याचं मोल कळणार नाही. त्यात नीतिसूत्रे २२:२८ खाली मी लाल पेनाने रेघ मारली होती. वाडवडिलांनी घातलेली हद्द सरकवू नको, असं ते वचन. साल २०११. आमचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, त्या पेरणीला दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, माझ्या वावरात आला होता. (कोणी आणला ते लिहीत नाही. तेच तेरा वर्षं सांगत फिरलो.) पेन इतका दाबून चालवला की शाई पानाच्या पाठीवर उतरली. मोजणी आणली, कोर्टाची पायरी चढलो, भावाच्या पोरीच्या लग्नाला गेलो नाही. आणि दर रविवारी मंडळीत पहिल्या बाकावर.

नवं बायबल आणलं तेव्हा उत्पत्तीपासून सुरुवात केली. अध्याय १३ पर्यंत आलो. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांची भांडणं होतात. अब्राम चुलता, मान त्याचा. तरी तो पुतण्याला म्हणतो, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने भरपूर पाण्याचा, सुपीक भाग उचलला. अब्राम मोजणी आणायला गेला नाही. मला राग आला, खरं सांगतो. असा कोणी शेतकरी असतो का? पुढे लूक १२ निघालं. एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं? ते वाचून मी पुस्तक मिटलं. तो माणूस दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो, मला ठाऊक आहे.

मोठ्या अक्षरात वाचताना वचन सोडून पुढे पळता येत नाही.

कापूस वेचणीत मजूर मिळेनात तेव्हा भावाच्या वावरात गेलो. बायकोही आली. त्याची पराटी फुटून पडली होती. तो बघत राहिला, मग म्हणाला, “चाय मांडू का?” धुऱ्याचं कोणीच काढलं नाही. धुरा आहे तिथंच आहे, दोन तास माझे कमी. पाऊस पडला की नजर अजून तिथं जाते.

नव्या बायबलात नीतिसूत्रे २२ चं पान कोरं आहे. पेन घरात नाही असं नाही.

भावाने परवा हेच पुस्तक हातात घेऊन पाहिलं. म्हणाला, “जड हाय, पण दिसते.” आता त्यालाही पाहिजे. घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, कव्हरची चेन तिसऱ्या महिन्यात तुटते, दुकानातच दहादा ओढून पाहा. पाचपैकी चार.