‘इन्सुलिन सोडवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लेकरं सांभाळा

माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, घरी कापूस-सोयाबीनची शेती. दर महिन्याला गावची लेकरं वजनकाट्यावर मीच उभी करते, कुणाचं वजन घसरलं तर त्याच्या आईला मीच बोलते. तरी मी फसले. अडाणी लोकच असल्या जाळ्यात सापडतात असं वाटत असेल, तर पुढचं जरूर वाचा.

गेल्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात ती रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठू लागली. तांब्याभर पाणी एका दमात प्यायची. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळ्याची कडकी निघत असेल. पण १७.६ वरून वजन १५.८ वर आलेलं माझ्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर ४८०. टाईप वन मधुमेह. डॉक्टरांनी समजावलं की शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. पोरीनं काय खाल्लं, आम्ही काय खाऊ घातलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. गावात मात्र ‘चॉकलेटं खाऊन झालं’ हेच पसरलं आणि कुठंतरी मलाही ते खरं वाटत राहिलं.

इन्सुलिन सुरू झालं. सिरिंज दिसली की ती कणगीमागं जाऊन बसायची. सासूबाई डोळ्याला पदर लावायच्या, “पोरीच्या अंगाची चाळणी केली व तुमी. काही झाडपाल्याचं पाहा नं.” तरी दोन महिन्यांत वजन १८ च्या वर गेलं, गाल भरले. साखर ११०, १२५, १४० अशी येऊ लागली. मग ती जास्तच खाली जाऊ लागली म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, पुढं त्याचं काम आहे.

तान्ह्या पोळ्याला ती लाकडी नंदी घेऊन दारोदारी गेली. घरी आली तेव्हा फ्रॉकच्या ओच्यात पेढे, लाडू, बोजाऱ्याचे पैसे. एकही पेढा तोंडात घातला नव्हता. सगळं माझ्यासमोर ओतलं आणि म्हणाली, “माय, हे तू खा.” त्या दिवशी मी आतून खचले. आठ दिवसांनी तालुक्याच्या मंगल कार्यालयात ‘मधुमेहमुक्ती’चं मोफत शिबिर आहे असं कळलं, तेव्हा मी न बोलावता गेले असते.

शिबिरात जे गृहस्थ बोलत होते त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. बोलणं लाघवी, आवाज मऊ. स्टेजवर एकेक जण येऊन सांगत होता, माझ्या गोळ्या सुटल्या, माझं इन्सुलिन सुटलं. सगळे पन्नाशी-साठीचे. ती माणसं खोटं बोलत नव्हती, हे आता मला कळतं. त्यांचा मधुमेह टाईप टू. त्यांच्या अंगात इन्सुलिन बनतं, पण नीट लागू पडत नाही. अशा माणसानं भात-साखर कमी केली, वजन उतरवलं, तर गोळ्या कमी होऊ शकतात, डॉक्टरच करतात. माझ्या लेकीच्या अंगात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्या होत्या. आजाराचं नाव एक, पण रोग वेगळे. सरांना हा फरक माहीत नव्हता असं मला वाटत नाही. मी “टाईप वन” म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ताई, ही नावं कंपन्यांनी पाडलेली आहेत. मूळ एकच, चुकीचा आहार.” मग म्हणाले, “इन्सुलिनची शरीराला सवय लागते. आणि खेड्यात तासन् तास लाईट नसते, तुमच्या बाटलीतलं औषध तर मेलेलंच असतं.” यातलं लाईटचं अर्धं खरं होतं, म्हणून बाकीचंही पटलं.

नव्वद दिवसांचे २१,००० रुपये. १५ हजार बचत गटातून उचलले, सहा हजार भावानं दिले. पावतीवर ‘आहार सल्ला शुल्क’ लिहिलं होतं. एका फॉर्मवर सही घेतली, त्यात बारीक अक्षरात होतं की चालू औषधं कमी किंवा बंद करण्याचा निर्णय पालकांचा स्वतःचा आहे. मी ते घरी जाऊन वाचलं. वाचूनही गप्प बसले.

चार्ट असा होता: धान्य पूर्ण बंद, फळ बंद, दूध बंद. सकाळी हिरवा रस, दुपारी उकडलेली भाजी आणि पनीर, संध्याकाळी भिजवलेले शेंगदाणे, दोन वेळा कडू पावडर. पहिल्या आठवड्यात इन्सुलिन निम्मं, बाराव्या दिवशी बंद. आणि मीटरवर आकडे काय आले? १३०, १४२, १५०. सुईशिवाय! मी आणि घरचे रडलो त्या रात्री, आनंदानं.

ते आकडे खरे होते. फसवणूक आकड्यांत नव्हतीच, आकड्यांचं श्रेय कुणाला याच्यात होती. टाईप वन झालेल्या बऱ्याच मुलांमध्ये इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवडे किंवा महिने उरल्यासुरल्या पेशी थोडा दम धरतात आणि बाहेरून द्यायचं इन्सुलिन खूप कमी पुरतं. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. आधी डोस कमी केला होता तो यामुळेच. हा काळ सरतोच, पेशी पुढं थकतात. त्यात पोटात धान्याचा कण नाही, मग साखर वाढणार कशी? सरांच्या पावडरीनं काही केलं नव्हतं. पण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तरी त्या रात्री मी ऐकलं असतं का, याची खात्री देत नाही.

विसाव्या दिवशी त्यांनी मला पुढच्या शिबिरात बोलावलं. लेकीला कडेवर घेऊन मी माईकवर बोलले. “माझ्या पोरीचं इन्सुलिन बंद झालं.” टाळ्या पडल्या. खाली उतरले तर एका बाईनं माझा हात धरला. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा सोबत होता, शाळेचा निळा शर्ट घातलेला, त्यालाही टाईप वन. तिनं विचारलं, “खरंच नं ताई? तुमच्या पोरीची शपथ?” मी म्हटलं, हो. तिनं त्याच टेबलावर पैसे भरले.

त्यानंतर आकडे चढू लागले. १९०, २२०, २८०. सरांचा ग्रुपवर निरोप आला: शरीर जुनी साखर बाहेर टाकतंय, मीटर बघणं बंद करा, भीतीनं साखर वाढते. एका वडिलांनी उलट प्रश्न विचारला, त्यांना ग्रुपमधून काढलं. अंगणवाडीच्या काट्यावर लेकीचं वजन १७.१, मग १६.३. दुसऱ्याचं लेकरू असतं तर मी त्याच दिवशी आईला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. स्वतःच्या पोरीपुढं मी ‘विष निघतंय’ म्हणत राहिले.

एका दुपारी ती दिसेना. स्वयंपाकघरात डब्यामागं बसली होती, ओठांवर, नाकावर पांढरं पीठ. ज्वारीचं कोरडं पीठ मुठीनं खात होती. मला पाहून तिनं हात फ्रॉकला पुसले. म्हणाली, “माय, मी भाकर नाही खाल्ली.”

कापूस फुटला, वावरात सीतादहीची पूजा झाली. दहीभाताच्या प्रसादाला तिला हात लावू दिला नाही. त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या, पोट दुखत होतं. सरांना फोन केला तर “ही शुद्धी आहे, लिंबूपाणी द्या.” पहाटे ती भाता चालावा तशी खोल-खोल, भराभर श्वास घेत होती. तोंडाला नासक्या फळासारखा गोडसर वास. हाक मारली की डोळे उघडायचे आणि मिटायचे. मीटर काढलं. आकडा आला नाही, ‘हाय’ असं इंग्रजीत उमटलं, म्हणजे साखर मीटरच्या मापाबाहेर गेलेली.

१०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं आणि लगेच पुढं पाठवलं. डायबेटिक किटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन नसल्यानं रक्त आम्ल होत जाणं. मोठ्या दवाखान्यात तीन दिवस अतिदक्षता विभागात. सलाईन मोजून, इन्सुलिन थेंबाथेंबानं, कारण लहान मुलांत घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते. तासातासाला रक्त काढत होते. सिस्टर रात्रभर तिला नावानं हाक मारून विचारायच्या, मी कोण? ती बरी झाली. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तिथल्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर यकृताचं चित्र काढलं. म्हणाल्या, लेकरू उपाशी असलं तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. ती साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं. ते नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून किटोन बनतात आणि रक्त आम्ल होत जातं. म्हणून जेवण कितीही कमी केलं तरी टाईप वनमध्ये इन्सुलिन शून्य करता येत नाही. हा प्रयोग जगानं शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलाय. इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये, कॅनडातल्या टोरंटोला. त्याआधी डॉक्टर अशा मुलांना उपाशी आहारावरच ठेवत. काही महिने आयुष्य लांबायचं, मुलं हाडांचा सापळा होऊन मरायची. जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन घेतलेला मुलगा १४ वर्षांचा होता आणि वजन जेमतेम २९ किलो. पुढं तो १३ वर्षं जगला. सर ज्याला नवा शोध म्हणत होते तो त्या मुलाच्या आधीचा उपाय होता.

आहार महत्त्वाचा नाही असं मी अजिबात म्हणत नाही. आता उलट जास्त लक्ष घालते. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, हे मला पाठ आहे. ज्वारी ‘शुगर फ्री’ नसते, गव्हासारखीच तिचीही साखर होते. भाकर, वरण, भाजी, संत्रं, सगळं ती खाते. मोजून, वेळेवर आणि इन्सुलिनचा हिशोब लावून. आहार इन्सुलिनच्या सोबतीला आहे, बदल्यात नाही. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम आला तर दोन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. शाळेच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी आहे आणि ती कधी द्यायची ते गुरुजींना समजावून ठेवलंय. उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करत नाही. लघवीच्या पट्टीवर किटोन बघते आणि डॉक्टरांना फोन लावते. लाईटचा प्रश्न सिस्टरनी सोडवला. मातीच्या मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली. वापरात असलेली बाटली अठ्ठावीस दिवसांनी बदलायची. चाळिशीपारच्या उन्हात एवढ्यानं निभतं.

पैशाचं सांगायचं तर अजून मिळाले नाहीत. ठाण्यात म्हणाले, पावती आहार सल्ल्याची आहे, सही तुमची आहे. पण मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. शिबिराचं पत्रक, पावडरीचं पाकीट आणि ग्रुपवरचे सगळे निरोप जोडून अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, सुद्धा नोंदवली. तुम्ही असल्या ठिकाणी पैसे भरले असतील तर पाकीट फेकू नका, निरोप पुसू नका. माझ्याजवळ पाकीट होतं ते केवळ सासूबाईंनी त्यात मेथीदाणे भरून ठेवले होते म्हणून.

आणि एक. मला ग्रुपमधून काढलं तेव्हा सगळे नंबर गेले. ती माझा हात धरणारी बाई दिग्रसकडची होती, एवढंच तिच्या बोलण्यातून कळलं होतं. नाव विचारायचं राहून गेलं. मी दोन बाजार फिरले, तिकडच्या अंगणवाडीताईंना सांगून ठेवलंय. मुलगा सात-आठ वर्षांचा, टाईप वन, गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी शिबिरात पैसे भरलेले. कुणाच्या ओळखीत असेल तर तिला सांगा, स्टेजवर बोललेल्या ताईनं निरोप दिलाय: माझ्या पोरीचं इन्सुलिन चालू आहे, तुम्ही त्याचं आजच्या आज चालू करायला त्याला दवाखान्यात न्या.