मॉरिशसमध्ये राहायचं कुठे: पोर्ट लुई, पठारावरची गावं की किनारा?

मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 45. त्यामुळे नोकरी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्याला वाटतं, घर कुठेही घेतलं तरी चालेल. पण इथे अंतरापेक्षा वारा बघून घर निवडावं. आग्नेयेचे वारे वर्षभर वाहतात, मधल्या पठारावर चढतात आणि पाऊस तिथेच टाकतात. पठारावर काही ठिकाणी वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत, तर पश्चिम किनाऱ्यावर 900च्या आसपास. आपला घाटमाथा आणि त्यापलीकडचा कोरडा पट्टा डोळ्यांसमोर आणा.

राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर, डोंगरांच्या कुशीत. बंदर, बँका, सरकारी कचेऱ्या, मोठा बाजार इथेच. डोंगर वारा अडवतात, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा नकोसा होतो, आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की मध्यवस्ती ओस पडते. मोठा पाऊस झाला की डोंगरउतारावरचं सगळं पाणी थेट शहरात उतरतं. 30 मार्च 2013च्या पुरात 11 जणांचा जीव गेला. इथे घर घ्यायचंच तर ओढ्याकाठचा तळमजला घेऊ नका.

पठारावरचं क्यूरपीप साधारण 550 मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यापेक्षा चारपाच अंशांनी थंड, जून ते सप्टेंबर, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, स्वेटर लागतोच. मात्र दमट हवेत कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना बुरशी धरते. घर बघताना भिंतींचे खालचे कोपरे आणि कपाटाची मागची बाजू नीट तपासा. नुसता नवा रंग बघून हो म्हणू नका.

एबेनच्या आयटी कंपन्यांत किंवा रेद्वीच्या विद्यापीठात जायचं असेल, तर आमचं मत रोझ हिल किंवा कात्र बोर्नला. दोन्ही गावं पठाराच्या उतारावर, म्हणजे पोर्ट लुईइतका उकाडा नाही आणि क्यूरपीपइतकी ओलही नाही. पोर्ट लुई ते क्यूरपीप ही मेट्रो दोन्ही गावांतून जाते आणि रोझ हिलहून एबेन-रेद्वीचा फाटा निघतो. सकाळी पोर्ट लुईच्या हमरस्त्यावर गाड्या तुंबतात, तेव्हा मेट्रोचं मोल कळतं. मराठी शिकवणारी महात्मा गांधी संस्था मोका या गावी आहे, तीही इथून जवळच.

उत्तरेच्या ग्रां बेला हॉटेलं, दुकानं, वर्दळ भरपूर. पण विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला. गाडीने तासाहून जास्त धरा, मेट्रो तिथवर जात नाही. पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक कोरडं आणि वाऱ्याच्या आडोशाला, त्यामुळे हिवाळ्यातही पोहता येतं. तिथे संध्याकाळनंतर बस विरळ होतात, स्वतःची गाडी हवी. गाडी डावीकडूनच चालवतात. विमानतळाजवळचं माएबूर शांत आहे, पण हिवाळ्यात वारा सतत अंगावर येतो.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पाण्यात उतरायचंच नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. इशारे एक ते चार वर्गांत देतात. तिसऱ्या वर्गाचा लागला की बस आणि कामकाज थांबतं, म्हणून पाणी, मेणबत्त्या आणि कोरडा शिधा पहिल्या वर्गालाच भरून ठेवा.