खारे वारे संगणकावर : द्विमितीय की त्रिमितीय?

समुद्रावरून दुपारी येणाऱ्या वाऱ्याचं संगणकी प्रतिरूप (मॉडेल) दोन प्रकारे बांधता येतं. द्विमितीय प्रतिरूपात किनाऱ्याला काटकोनात एकच उभा छेद घेतात, म्हणजे किनारा सरळ आणि अनंत लांब आहे असं मानतात. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एस्टोक यांनी हेच केलं. साधा लॅपटॉपही आज हे गणित झटपट सोडवतो. जमीन आणखी तापली, उलट दिशेचा वारा वाढला, तर वाऱ्याची आघाडी, म्हणजे आत सरकणाऱ्या समुद्री हवेची पुढची कड, किती आत जाईल, हे एकेक घटक बदलून तपासायला याहून चांगलं साधन नाही.

पण खरा किनारा वळतो. भूशिरावर दोन्ही बाजूंचे वारे एकमेकांना भिडतात, हवा वर चढते, ढग बनतात. हे छेदात दिसणारच नाही. हवामानशास्त्रज्ञ पिल्के यांनी १९७४ मध्ये दक्षिण फ्लोरिडासाठी त्रिमितीय प्रतिरूप वापरलं ते म्हणूनच.

सरोवराच्या बाबतीत तर मला निवड सोपी वाटते. छेदात गोल सरोवराचा अंतहीन कालवा होतो! त्रिमितीय प्रतिरूपाचे नखरे मात्र वेगळे. आघाडी एक-दोन किलोमीटर रुंद, त्यामुळे जाळी, म्हणजे ज्या बिंदूंवर गणित सोडवतात त्यांची मांडणी, त्याहून बारीक हवी. जाळीचं अंतर दोन्ही आडव्या दिशांना निम्मं केलं की गणनेचा बोजा साधारण आठपट होतो, कारण कालपायरीही, म्हणजे गणित ज्या वेळेच्या टप्प्यांनी पुढे सरकतं तो टप्पाही, निम्मी करावी लागते. शिवाय पाण्याचं तापमान चुकीचं भरलं, तर बारीक जाळी काहीच वाचवत नाही.