ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कामानिमित्त आठवड्यातून दोनदा लातूरहून अंबाजोगाईला जावे लागते. गेल्या उन्हाळ्यात माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी उभी असताना थरथरू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला, दिवा विझला आणि पाचव्या दिवशी पुन्हा लागला. त्या वैतागातून हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण, घेतला. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवला की इंजिनचे आकडे मोबाइलवर दिसतात.

पहिलाच कोड पी ०१७१ आला, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. सेन्सर खराब आहे असे हा कोड म्हणत नाही, सेन्सरला काय दिसले तेवढेच सांगतो. माझे पैसे गेले ते याच फरकात. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक २१ टक्के होता आणि २,५०० आरपीएमला तो ४ टक्क्यांवर उतरला. पेट्रोल पंप कमजोर असता, तर इंजिनावर जोर पडल्यावर हा आकडा चढला असता. तो उतरला, त्यामुळे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठून तरी न मोजलेली हवा आत ओढली जात असावी, असा संशय आला. सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागे वळणावरचा रबरी पाइप उन्हाने कडक होऊन तडकला होता. त्या भेगेवर बोट दाबताच फुसफुस थांबली आणि थरथरही. नवा पाइप आधीच्या सेन्सरच्या मानाने अगदीच स्वस्त पडला.

पावसाळ्यात चढावर गाडी झटके देऊ लागली, तेव्हा पी ०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली. कोड पी ०३०३ झाला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरवर गेला; दोष कॉइलचाच. मग प्लग किंवा इंजेक्टरला हात लावण्याची गरजच उरली नाही.

तक्रारीही आहेत. कनेक्शन मध्येच तुटते, एबीएस आणि एअरबॅगचे कोड याला वाचता येत नाहीत, आणि सॉकेटमध्येच राहून गेल्याने चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरली. कोड पुसण्याचे बटण तर फारच हाताशी दिले आहे; त्याने बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आकडेही पुसले जातात, म्हणून मी आधी स्क्रीनशॉट घेतो.

गेल्या महिन्यात सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत होता, पण कोड एकही नव्हता. माझ्या गाडीत पेट्रोलचे प्रेशर दाखवणारा सेन्सर नाही. त्यामुळे शेवटी प्रेशर गेज असलेल्या मिस्त्रीकडेच जावे लागले.