रेडॉन मोजायचा कशाने: कोळशाची डबी, अल्फा ट्रॅक की डिजिटल मीटर?

रेडॉन हा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. जमिनीतल्या युरेनियमचं विघटन होताना तो तयार होतो आणि जोत्याच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचाच नंबर लागतो. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले की किरणोत्साराचे अलार्म वाजायचे. शोध घेतला तेव्हा उगम त्यांच्या घरातल्या रेडॉनमध्ये सापडला. तेव्हा मोजणी करायलाच हवी. प्रश्न उरतो साधनाचा.

कोळशाची डबी सर्वांत स्वस्त. तिच्यातला कोळसा हवेतला रेडॉन शोषून घेतो. २ ते ७ दिवस उघडी ठेवायची, मग झाकण घट्ट लावून लगेच प्रयोगशाळेत पाठवायची. इथे आळस चालत नाही, कारण रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो; डबी टेबलावर पडून राहिली तर मोजायचं तेच विरत जातं. चाचणीच्या १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि दमट हवेत आकडा बिघडू शकतो. शिवाय मिळतो तो फक्त त्या आठवड्याचा आकडा. रेडॉन मात्र दिवस-रात्र, ऋतूनुसार वरखाली होत राहतो आणि थंडीत, घर बंद असताना, बहुधा वाढतो.

माझा कौल अल्फा ट्रॅकला. त्याच्या डबीत कोळशाऐवजी प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो. रेडॉनमधून सुटणारे अल्फा कण त्यावर आदळून सूक्ष्म खुणा उमटवतात. प्रयोगशाळेत तो रसायनात बुडवून त्या ठळक करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. वीज लागत नाही, खिडक्या बंद ठेवाव्या लागत नाहीत. ३ महिने ते वर्षभर ठेवायचं आणि नेहमीसारखं राहायचं. धोका ठरतो तो वर्षानुवर्षांच्या सरासरीवर, आणि सरासरीच्या सर्वांत जवळ हीच चाचणी जाते.

डिजिटल मीटर महाग, पण आकडा सतत दिसतो. एका रात्रीच्या आकड्याने घाबरून जाऊ नये, काही आठवड्यांची सरासरी पाहावी.

राहतं घर असेल तर अल्फा ट्रॅक घ्या. घर विकत घेताय आणि वेळ नाही, तर कोळशाची डबी किंवा व्यावसायिक मीटर. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरमागे १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) आहे. तेवढं शक्य नसेल तरी ३०० च्या वर जाऊ नये असं ती सांगते. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात. छोट्या, म्हणजे थोड्या दिवसांच्या चाचणीत आकडा ३०० च्या वर गेला तर वर्षभराच्या चाचणीची वाट पाहू नका, लगेच दुसरी छोटी चाचणी करा.

साधन कुठलंही असो, ते ठेवायचं सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकीजवळचा झोत टाळा.

आकडा जास्तच निघाला तर नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. फरशीखाली पाइप घालून पंख्याने हवा छपरावर सोडणं हा खात्रीचा उपाय. डिजिटल मीटरचा खरा उपयोग इथेच: पंखा बंद पडला तर काही दिवसांत कळतं.