एसपीईपीचा रिव्ह्यू: स्कोअर नंतर बघा, आधी हजेरीचं शीट काढा

एसपीईपी म्हणजे स्टँडर्डाइज्ड प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन प्रोटोकॉल, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या मार्क लिप्सी यांनी बनवलेलं टूल. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी काउन्सेलिंग, मेंटॉरिंग, राग आवरायचे ग्रुप अशा ज्या सेवा चालतात, त्या मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडू नयेत अशा पद्धतीने चालल्यात का, हे ते १०० पैकी मार्क देऊन सांगतं. मी इथे अमेरिकेत अशाच एका संस्थेत काम करते, आमच्या ग्रुपला हे लागलेलं आहे, त्यामुळे मी गिऱ्हाईकही आहे आणि जिला मार्क पडतात तीही मीच. एमएसडब्ल्यू करून या फील्डमध्ये येऊ बघणारे बरेच जण विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार.

आधी असलं काही लागतंच कशाला ते सांगते. या कामात चांगल्या मनाने केलेल्या गोष्टी मुलांचं नुकसान करू शकतात, आणि ते होत असताना सगळ्यांना छानच वाटत असतं. १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांना समोर बसवून त्यांच्यावर ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगून घाबरवायचे, लोकांना ही आयडिया जाम आवडली, टीव्हीवर गाजली, बाकीच्या राज्यांनीही उचलली. नंतर अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा प्रोग्रॅमचे ९ प्रयोग एकत्र तपासले, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं दोन गटांत वाटलेले प्रयोग, तर निघालं काय, की तुरुंग दाखवून आणलेली मुलंच जास्त प्रमाणात पुन्हा गुन्ह्यात सापडली. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं! तेव्हा ‘आम्हाला मुलांमध्ये फरक दिसतो’ हे वाक्य मी ऐकून सोडून देते, आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये कुणी म्हटलं तरी.

आता टूल कसं चालतं ते. लिप्सींनी वर्षानुवर्षं या विषयावरच्या स्टडीज गोळा केल्या, २००९ च्या त्यांच्या पेपरमध्ये ५४८ सॅम्पल्स, म्हणजे तपासलेल्या मुलांचे वेगवेगळे गट आहेत, आणि त्यातून दिसलं की नुसता धाक आणि शिस्त असलेल्या प्रोग्रॅमपेक्षा उपचार आणि शिकवण्यावर भर देणारे चालतात, जास्त रिस्कच्या, म्हणजे पुन्हा गुन्ह्यात सापडण्याची शक्यता जास्त असलेल्या मुलांवर परिणाम जास्त दिसतो, आणि काम नीट राबवलं तर फरक पडतो. याच गोष्टींचे मार्क. सेवेचा प्रकार कोणता याला ३५, क्वालिटीला २०, मुलांना ती किती मिळाली याला २०, आणि मुलांची रिस्क किती होती याला २५. मार्क सेवेला पडतात, अख्ख्या संस्थेला नाही, म्हणजे एकाच छताखाली चार सेवा चालत असतील तर चार वेगळे स्कोअर. बूट कॅम्प किंवा नुसती पाळत ठेवणं असल्या गोष्टी मुळात यात बसतच नाहीत. कुणीही उठून वापरावं असंही नाही, रेटिंग करणारी माणसं ट्रेनिंग घेतलेली लागतात.

मला यातला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग म्हणजे ते ‘किती मिळाली’चे २० मार्क. प्रत्येक प्रकारच्या सेवेला आठवडे आणि तास ठरलेले आहेत. विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी असेल (आमचा ग्रुप याच प्रकारात धरतात) तर १५ आठवडे आणि ४५ तास. ग्रुप काउन्सेलिंगला २४ आठवडे, ४० तास. मेंटॉरिंगला २६ आठवडे आणि ७८ तास. वाचायला ठीक वाटतं, पण स्वतःचं हजेरीचं शीट काढून बसलं की घाम फुटतो. एका ओळीत एक मुलगा, पहिल्या सेशनची तारीख, शेवटच्या सेशनची तारीख, मधले आठवडे, एकूण मिनिटं. रिपोर्ट लिहिताना आम्ही बिनधास्त लिहायचो की अमुक इतक्या मुलांनी ग्रुप ‘पूर्ण केला’. शीटमध्ये त्यातल्याच एका पोराच्या नावापुढे ७ आठवडे आणि ११ तास. हुशार पोरगा, ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त बोलायचा, सर्टिफिकेटही घेऊन गेलेला, आणि ४५ पैकी ११ तास! मधे कोर्टाची तारीख, मग शाळेची परीक्षा, मग फॅसिलिटेटर, म्हणजे ग्रुप चालवणारा, सुट्टीवर म्हणून ग्रुप कॅन्सल, असं करत करत गेलं सगळं. कुणी खोटं बोलत नव्हतं, फक्त कुणी बेरीज करत नव्हतं. हे टूल ती बेरीज करायला लावतं आणि माझ्या मते निम्मे पैसे इथेच वसूल.

पण याच भागात एक चीड आणणारी गोष्ट आहे. मार्क मिळतात ते किती टक्के मुलांनी ठरलेला आकडा गाठला त्यावर, आठवड्यांचे १० आणि तासांचे १०, आणि ६०% मुलांनी गाठला तर ६, ८०% नी गाठला तर ८ असं चढत जातं. म्हणजे ४४ तास बसलेला मुलगा आणि ४ तास बसलेला मुलगा, दोघंही नापास, सारखेच. मग काय होतं, माणसं ४५ आकड्याच्या मागे लागतात, ग्रुपमध्ये पिक्चर दाखवला तरी तास धरा, व्हॅनमध्ये गप्पा मारल्या त्याही धरा. रेटिंग करणारा माणूस खमक्या असेल तर हे चालत नाही, ढिला असेल तर चालतं, आणि कोण मिळेल हे आपल्या हातात नसतं.

आणि मुलगा किती दिवस राहणार हेही आपल्या हातात नसतंच ना. जज सोडतो, प्रोबेशन ऑफिसर हलवतो, फंडिंग दहाव्या आठवड्यात संपतं. मार्क मात्र सेवा देणाऱ्याला पडतात. माझं स्पष्ट मत आहे की डोसचा, म्हणजे ठरलेल्या आठवड्यांचा आणि तासांचा आकडा जजच्या आणि प्रोबेशनच्या टेबलावर आधी जायला हवा, कारण १५ आठवड्यांची सेवा लिहून देऊन ८ आठवड्यांत मुलाला बाहेर काढायचं ही निम्म्यात बंद केलेली अँटिबायोटिक झाली. आमच्या भागात निदान रेटिंगच्या मीटिंगला प्रोबेशनचे लोक बसतात, त्यांच्यासमोर शीट उघडलं की एरवी वर्षभर न होणारं बोलणं तासाभरात होतं.

क्वालिटीचे २० मार्क हा सगळ्यात कच्चा भाग. लेखी मॅन्युअल आहे का, स्टाफला त्याचं ट्रेनिंग झालंय का, सुपरव्हिजन होतं का, आणि कुणी मॅन्युअल सोडून भरकटलं तर संस्था काय करते, एवढं बघतात आणि लो, मीडियम, हाय अशी पातळी देतात, ५, १० किंवा २० मार्क. प्रश्न बरोबर आहेत पण उत्तरं कागदावरून ठरतात. फाइल चकाचक असलेली जागा २० घेऊन जाते, खोलीत फॅसिलिटेटर मॅन्युअल वाचून दाखवतोय आणि पोरं छताकडे बघतायत हे फाइलीत कुठे दिसणार? आणि हा फरक छोटा नाहीये. वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी धोरण-संशोधन संस्थेने २००४ मध्ये फंक्शनल फॅमिली थेरपी, म्हणजे मुलासोबत अख्ख्या कुटुंबाला बसवून चालणारी थेरपी, तपासली तेव्हा थेरपिस्ट कसलेले होते तिथे गंभीर गुन्ह्यांत पुन्हा सापडण्याचं प्रमाण ३८% नी कमी आलं, आणि थेरपिस्ट कच्चे होते तिथे फायदा दिसलाच नाही. तोच प्रोग्रॅम, तेच मॅन्युअल! म्हणून सेशन प्रत्यक्ष बसून बघणं किंवा रेकॉर्डिंग ऐकणं सक्तीचं करायला हवं होतं. अर्धा स्टार याच्यासाठी कापला, आणि एक त्या ४४ तासांच्या भानगडीसाठी.

रिस्कच्या २५ मार्कांवर आमच्याकडे जाम वाद होतो. जास्त रिस्कची मुलं जास्त असतील तर मार्क जास्त, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की साध्या, गोड पोरांना मदत केली म्हणून आपल्याला शिक्षा. मला हे मार्क पटतात. पहिल्यांदा सापडलेली, घर बरं असलेली बरीच मुलं आपसूक सुधारतात, त्यांना मुरलेल्या पोरांच्या ग्रुपमध्ये आठवडेच्या आठवडे बसवून आपण नवीन दोस्त तेवढे मिळवून देतो. पेट्रोसिनोंनीच २०१० मध्ये २९ प्रयोग, एकूण ७,३०४ मुलं, एकत्र बघितली तेव्हा मुलांना रीतसर कोर्टाच्या चक्रातून नेल्याने गुन्हे कमी होतात असं काही दिसलं नाही. तेव्हा कमी रिस्कची पोरं तुमच्या ग्रुपमध्ये भरली असतील तर ग्रुप बदलण्याआधी ती येतायत कुठून ते बघा. खुर्च्या भरल्या की पैसे मिळतात असं कॉन्ट्रॅक्ट असेल तर उत्तर तिथेच सापडेल.

रिपोर्टमध्ये दोन आकडे येतात आणि लोक भलत्याच आकड्याकडे बघून नाराज होतात. एक बेसिक स्कोअर, १०० पैकी. दुसरा पीओपी, म्हणजे तुमच्या प्रकारच्या सेवेला जास्तीत जास्त जितके मिळू शकतात त्यातले किती टक्के मिळाले. समजा तुमच्या प्रकाराची मर्यादाच ७५ आहे आणि तुम्हाला ६० पडले, तर पीओपी ८०%. संस्थेने स्वतःसाठी हा दुसरा आकडा धरावा. बेसिक स्कोअरवरून दोन संस्थांची रांग लावून खालच्याचं कॉन्ट्रॅक्ट काढायचं असले उद्योग कुणी करत असेल तर सरळ भांडा.

स्कोअरनंतर सुधारणेचा प्लॅन बनतो, खरं काम तेच आणि तिथेच सगळे ढेपाळतात. वीस मुद्दे लिहू नका. आमचा चाललेला प्लॅन दोनच मुद्द्यांचा होता, ग्रुप कॅन्सल झाला तर त्याच आठवड्यात भरून काढायचा, आणि दुसरा फॅसिलिटेटर कायम तयार ठेवायचा. कंटाळवाणा प्लॅन, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात, पण तासांचा टक्का वर आला तो यानेच.

छोट्या जागांनी जरा जपून. वर्षाला ८-१० च मुलं असतील तर एक मुलगा अर्ध्यात गेला की टक्का धाडकन खाली येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका, दोन वर्षांचं शीट एकत्र करून बघा. आणि मुलगा शाळेत टिकला का, घरी भांडणं कमी झाली का, हे या टूलमध्ये कुठेच येत नाही, पुन्हा गुन्हा होऊ नये एवढ्याच एका गोष्टीवर ते बेतलेलं आहे, तेव्हा त्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि रेटिंग सुरू व्हायच्या आधीपासून ठेवा, मागाहून फोन करून विचारलं तर निम्म्या मुलांचे नंबर बदललेले असतात.